तिसऱ्या तारेचा कान

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर ऑपरेशन झालं. पेशंट: एक गिटार, वय तीसच्या आसपास, जन्मगाव कोलकाता. सर्जन: अस्मादिक. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "जेवायला टेबल कधी मिळेल?" आणि मी म्हणालो, "एका तासात." शेवटी त्या दिवशी दोन्ही वेळची जेवणं सोफ्यावर बसून झाली. असो.

ज्यांनी गिटार कधी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी थोडं नमन. गिटारच्या डोक्याला दोन्ही बाजूंना तीन-तीन अशा सहा फिरक्या असतात. त्या पिळल्या की तार ताणली जाते, सूर चढतो. वाजवणारे लोक त्यांना 'ट्यूनिंग की' म्हणतात, कॅटलॉगमध्ये 'मशीन हेड' असं भारदस्त नाव असतं. आम्ही होस्टेलात त्यांना 'कान' म्हणायचो. गिटार बेसूर झाली की "कान पिळ रे तिचे" अशी ऑर्डर सुटायची. मीही इथे कानच म्हणतो.

तर या गिटारचा एक कान तुटलेला होता. तिसऱ्या तारेचा, म्हणजे 'जी'चा. आणि तो मी तोडला होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये.

गिटार माझी नाही. ती बापूची. बापू माझा सांगलीच्या इंजिनिअरिंगच्या होस्टेलातला रूममेट. (खरं नाव वेगळं, पण होस्टेलात ते फक्त मेसच्या वहीत होतं.) कराडकडच्या एका खेड्यातून आलेला. गिटार त्याने सुट्टीत एका वर्कशॉपमध्ये काम करून, स्वतःच्या पैशाने घेतलेली. वाजवायचा बेताचंच, पण रात्री साडेदहाला सबमिशनची जर्नल्स लिहून झाली की तो खिडकीत बसायचा आणि आख्खा कॉरिडॉर आमच्या खोलीत यायचा.

त्या फेब्रुवारीत त्याच्या घरून निरोप आला. वडील सिरियस. बापूने पिशवीत दोन कपडे कोंबले आणि दारातून वळून म्हणाला, "गिटार वाजव पाहिजे तर. पण कॉटवर ठेवू नको, घसरते."

मी ती कॉटवर ठेवली.

फार वेळ नाही, चहा घेऊन येईपर्यंत. परत आलो तर ती जमिनीवर आडवी. बाकी सगळं ठीक, पण जीचा कान टोकाला असतो, तो फरशीवर आपटलेला. प्लास्टिकची फिरकी फुटून तुकडे झाले होते आणि आतली दांडी किंचित वाकलेली. उरला होता लोखंडाचा एक बारीक खुंट, बोटांनी न फिरणारा.

पहिला विचार आला तो दुरुस्त करून टाकायचा, कुणाला कळायच्या आत. सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर, आणि मिरज म्हणजे सतार-तंबोऱ्यांचं गाव. गिटार चादरीत गुंडाळून मी सिटी बसने मिरजेला गेलो आणि तंतुवाद्यांच्या गल्लीत पहिल्या दुकानात शिरलो.

मिरजेची ही गल्ली कुणी पाहिली नसेल तर जरूर पाहा. फरीदसाहेब सितारमेकरांनी एकोणिसाव्या शतकात ही कला तिथे रुजवली. घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारं बनवून त्यांना धार लावणाऱ्यांचं. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई मिरजेत येऊन राहिला. तंबोरा कसा बोलला पाहिजे हे सांगणारा असा कान गावात असल्यावर कारागिरांचा हात तयार होणारच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पण १९९८ मध्ये मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला फक्त एक कान बसवून हवा होता.

दुकानात एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची खुंटी बसवत होते. त्यांनी गिटार हातात घेतली, उलटी केली आणि हसले. "पोरा, हे मशीन आहे. आमच्याकडं लाकूड." मग दाखवलं. तंबोऱ्याची खुंटी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. भोकही तसंच निमुळतं. खुंटी आत दाबली की लाकूड लाकडाला धरतं. सरकायला लागली तर थोडा खडू लावायचा. बस. गिटारच्या कानाचं तसं नाही. तीन कान एका पत्र्याच्या पट्टीवर रिव्हेट केलेले. एक गेला की नवी पट्टी, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात तर जोडीच. "पुण्या-मुंबईकडून मागवावी लागेल. दीड-दोनशे जातील."

माझ्या खिशात साठ रुपये होते आणि मेसचं बिल थकलं होतं.

"तोवर पकडीनं फिरव," ते म्हणाले. चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

बापू तेरावा करून परत आला. डोक्याचे केस काढलेले, चेहरा ओळखू न येण्यासारखा. आम्ही सगळे दोन दिवस त्याच्याभोवती दबक्या आवाजात बोलत होतो. सांगायचं ठरवलं होतं, पण अशा माणसाला "तुझी गिटार पाडली" कसं सांगणार? म्हणून नाही सांगितलं. इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकतो.

तिसऱ्या दिवशी त्याने गिटार काढली. कान बघितला. माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "हे कसं झालं?"

आणि मी म्हणालो, "तुटलेलाच होता की. तू जायच्या आधीच खिळखिळा झालेला."

का म्हणालो, कुणास ठाऊक. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गिटारकडे, आणि "हां, असेल" म्हणून टेबलावरची पक्कड उचलली.

इथे थोडं तांत्रिक सांगायला हवं. तेव्हा आमच्याकडे ट्यूनर वगैरे नव्हता, एका तारेवरून दुसरी लावायची. जाड 'ई' तारेच्या पाचव्या फ्रेटवर 'ए' मिळतो, एच्या पाचव्यावर 'डी', डीच्या पाचव्यावर 'जी', जीच्या मात्र चौथ्या फ्रेटवर 'बी', आणि बीच्या पाचव्यावर बारीक 'ई'. म्हणजे जी हलली की तिच्यावरून लावलेली बी चुकते, आणि बीवरून लावलेली ई पण. पकडीने कान फिरवताना नेमका सूर सापडत नाही, तो कधी थोडा खाली, कधी थोडा वर. परिणामी खालच्या तिन्ही तारा कायम किंचित चुकलेल्या. बापू महिनाभर पक्कड घेऊन झगडला. मग हळूहळू वाजवणंच सुटलं. कॉरिडॉरमधली पोरं यायची थांबली. सगळ्यांना वाटलं, वडील गेल्यामुळे. मलाही तसंच वाटून घेणं सोयीचं होतं.

१९९९ मध्ये होस्टेल सोडताना ट्रंका भरल्या. गिटार भिंतीला टेकून उभी. मी म्हणालो, "ही?" बापू म्हणाला, "राहू दे तुझ्याकडंच." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ही गिटार माझ्याबरोबर चार घरं फिरली. प्रत्येक घरात तिची जागा माळ्यावर. एकच पुण्य केलं, तारा सैल करून ठेवल्या. स्टीलच्या सहा तारा पूर्ण सुरात असतात तेव्हा गिटारच्या मानेवर सगळ्या मिळून सत्तरेक किलोचा ताण असतो. एवढा ताण वर्षानुवर्षं तसाच राहिला तर मान वाकते.

बापूशी बोलणं होतं. लग्नाला गेलो, तो माझ्याकडे आला, व्हॉट्सअॅप ग्रुपवर सुप्रभातचे फॉरवर्ड एकमेकांना न चुकता. पण तो विषय कधी निघाला नाही. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. मुलगी अकरावीत आहे, गिटार शिकायची म्हणते. मग सहज म्हणावं तसं, "आपली ती गिटार आहे का रे अजून? का टाकली?"

"आहे," मी म्हणालो. "आणून देतो. फक्त थोडं काम करून घेतो."

आता कामाकडे वळू.

मी मेकॅनिकलचा इंजिनिअर. म्हणजे आयुष्य एक्सेल शीटवर गेलं, पण डिग्री मेकॅनिकलची. आणि हा कान म्हणजे शुद्ध थिअरी ऑफ मशीन्स आहे. फिरकीच्या दांडीवर स्क्रूसारखे आटे असतात, त्याला वर्म म्हणतात. ते आटे एका छोट्या दातेरी चाकात अडकतात आणि चाकावर तार गुंडाळायचा खांब असतो. वर्म चाकाला फिरवू शकतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. तारेने कितीही ओढलं तरी खांब मागे फिरत नाही. यालाच सेल्फ लॉकिंग म्हणतात, आणि हाच प्रश्न मला व्हायव्हात आला होता. मी तेव्हा एक्स्टर्नलकडे बघून मंद हसलो होतो. उत्तर माळ्यावर, सॉरी, कॉटखाली पडलेलं होतं!

एकेकाळी गिटारलाही सतारीसारख्या लाकडी खुंट्याच असत. दातेरी चाकांचे कान एकोणिसाव्या शतकात रुळले. व्हिएन्नाचा योहान गेओर्ग श्टाउफर हा त्यातला एक नावाजलेला कारागीर. त्याच्याकडे काम शिकलेला मार्टिन १८३३ मध्ये अमेरिकेला गेला आणि त्याची कंपनी आजही गिटारी बनवते. म्हणजे मिरजेचे म्हातारबाबा म्हणाले ते बरोबर होतं. खुंटी नुसत्या घर्षणावर उभी असते. ती सरकते, पुन्हा दाबता येते. मशीन सरकत नाही, पण गेलं की गेलं.

तुमच्या गिटारचा कान नुसता सैल झाला असेल तर घाईने बदलू नका. दातेरी चाकाच्या मधोमध एक छोटा स्क्रू असतो. तो हलक्या हाताने आवळून बघा, निम्मे आजारी कान तेवढ्यावर बरे होतात. माझ्या पाचव्या तारेचा झाला. पण जीच्या कानाची दांडी वाकलेली, त्यात बापूच्या पकडीने तिचे कोपरे गुळगुळीत झालेले. पट्टी बदलायलाच हवी होती, आणि तेवढ्याच अंतरावर खांब असलेली पट्टी मला काही मिळेना. मग ठरवलं, पट्टी नकोच, सहा सुटे कान लावू. पुढेमागे एक गेला तर एकच बदलता येईल.

ऑनलाइन मागवले. पार्सल आलं. उघडलं तर सहाही कान एकाच तोंडाचे! असे सेट इलेक्ट्रिक गिटारसाठी असतात, जिथे सहाही कान एकाच बाजूला ओळीने बसतात. आपल्याला हवे तीन डावे, तीन उजवे. चूक विकणाऱ्याची नव्हती, वर स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. परत पाठवले, दुसरे मागवले. (धडा पहिला: 'थ्री प्लस थ्री' हे शब्द बघितल्याशिवाय पैसे भरू नका.)

दुसरी अडचण भोकांची. जुनी पट्टी काढली, पुढच्या बाजूने भोकांत ठोकून बसवलेल्या धातूच्या छोट्या बांगड्या मागून लाकडी दांडीने हळूच ठोकून काढल्या. व्हर्नियरने मोजलं. भोक ८ मिलिमीटर. नव्या कानांना हवं १०. इथे ड्रिल मशीनला १० चं बिट लावून सरळ घुसवायचा मोह होतो. मला झाला. सुदैवाने आधी फळीच्या तुकड्यावर करून पाहिलं. आधीच भोक असलेल्या लाकडात बिटला मध्य सापडत नाही, ते कडेला चावा घेतं आणि चिरफळी उडवतं. फळीची उडाली. ते गिटारचं डोकं असतं तर मी कराडला कुठल्या तोंडाने गेलो असतो?

मग हाताने फिरवायचा निमुळता रीमर आणला. एकेक भोक, दोन फेऱ्या पुढून, दोन मागून, की कान घालून बघायचा. घट्ट. परत दोन फेऱ्या. सहा भोकांना अडीच तास लागले. लेक मध्ये येऊन म्हणाला, "बाबा, नवीन गिटार केवढ्याला येते?" सांगितलं. तो म्हणाला, "मग?" मग काय... मला उत्तर देता आलं नाही. दिलं असतं तर सत्तावीस वर्षांपूर्वीपासून सुरुवात करावी लागली असती.

बाकीचं सोपं. जुन्या स्क्रूंची भोकं फेव्हिकॉलमध्ये बुडवलेल्या टूथपिकांनी बुजवली आणि रात्रभर वाळू दिली. सकाळी कान घातले, पुढून वॉशर आणि नट, १० च्या पान्याने बेताने आवळले. मागे प्रत्येक कानाला एक छोटा स्क्रू. त्याच्यासाठी आधी बारीक भोक पाडायचं आणि स्क्रूला साबण चोळायचा, नाहीतर तो अर्ध्यात मोडतो. एकाला साबण लावायचा राहिला, तो मोडला. :-) कुठल्या कानाचा ते सांगायलाच हवं का? दीड तास त्या तुकड्याशी झगडलो.

नव्या तारा चढवल्या. प्रत्येक तारेचे खांबावर दोन-तीन वेढे. या कानांचं गुणोत्तर अठरास एक, म्हणजे फिरकी अठरा वेळा फिरवा तेव्हा खांब एकदा फिरतो. इतका सावकाश, की सूर बोटांत सापडतो. सुराच्या वर गेलात तर नुसतं उतरवून थांबायचं नाही. दातांमध्ये थोडी मोकळी जागा असते, तार वाजवता वाजवता तेवढी आणखी सैल पडते. आधी सुराच्या खाली न्यायचं, मग चढवत आणायचं. फोनवरच्या ट्यूनरचा काटा मध्ये आला आणि हिरवा झाला. जी. १९६ हर्ट्झ. १९९८ नंतर पहिल्यांदा ती तार पकडीशिवाय सुरात आली होती.

मी एकटाच बसून बराच वेळ ती एकच तार छेडत होतो.

पुढच्या शनिवारी कराडला गेलो. वहिनींनी कांदेपोहे केले होते. बापूच्या लेकीने गिटार घेतली आणि "थँक यू काका" म्हणून आतल्या खोलीत पळाली. आम्ही दोघं ओसरीवर. गाडी चालवताना वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"बापू, तो कान मी तोडला होता. कॉटवर ठेवली होती मी. पडली. आणि वर तुला म्हणालो, आधीच तुटला होता."

तो चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाला, "माहीत आहे की."

"कसं?"

"प्लास्टिकचा तुकडा. माझ्या कॉटखाली झाडताना सापडला होता. तू बाकीचे उचललेस, एक राहिला होता लेका."

"मग बोलला का नाहीस?"

तो थोडा वेळ गप्प. समोर अंगणात कोंबड्या. मग म्हणाला, "तेव्हा आण्णा गेलेले. भांडायचं म्हटलं तरी अंगात जोर लागतो. तो नव्हता. नंतर जोर आला तेव्हा वाटलं, आता एवढ्याशा गोष्टीवरून कशाला." आणि थांबून, "पण राग होता. नाही असं नाही. तुटली याचा नाही. माझ्या तोंडावर खोटं बोललास याचा होता."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. खरं सांगायचं तर "जाऊ दे रे" ऐकायच्या तयारीने गेलो होतो, आणि ते न ऐकता आलो हेच बरं झालं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांशी बोललेलं ते पहिलं पूर्ण खरं वाक्य असावं.

मग तो म्हणाला, "आता काय, कान पकडतोस का?" आणि स्वतःच, "राहू दे. सहाच्या सहा बदलून आणलेस." आणि हसला. होस्टेलातलं हसू.

आतून लेकीचा आवाज आला, "पप्पा, ही एक तार उतरतीय!" बापू उठून आत गेला. मी दारातून बघत होतो. त्याने गिटार मांडीवर घेतली आणि उजवा हात नकळत बाजूला, टेबलाकडे गेला. पकडीसाठी. मग त्याच्या लक्षात आलं. हात परत घेऊन त्याने दोन बोटांनी कान धरला, थोडा उतरवला आणि हळूहळू चढवत आणला. ट्यूनर न बघता.

निघताना जुन्या पट्ट्यांची पिशवी गाडीतच राहिली. ती मी टाकलेली नाही. ड्रॉवरमध्ये आहे, फेव्हिकॉलच्या बाटलीशेजारी.

काल रात्री साडेदहाला त्याचा मेसेज आला: "जी परत उतरली."

मी लिहिलं: "नवीन तारा आहेत. आठवडाभर उतरतील. चढवत राहा."